हिरवळीवरचे बावीस डाग

सोहनलाल लुणावतांनी वर्तमानपत्राची पुडी टेबलावर उलगडली, तेव्हा मुरलीधर अहिररावांना वाटलं, आत निदान रक्ताळलेला सुरा तरी असेल. आत निघालं गवत. तळहाताएवढं मातीचं ढेकूळ आणि त्यावर वाळून तपकिरी झालेली पाती.

"खून आहे हा, झोपेसाहेब," सोहनशेठ म्हणाले. त्यांनी ढेकळावरून हलकेच बोट फिरवलं.

अहिररावांनी हसू लपवायला रुमाल तोंडाशी नेला. धुळ्याच्या टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर ते जळगावला बहिणीकडे राहायला आले आणि वेळ जात नाही म्हणून यशवंत झोपे यांच्या कचेरीत बसू लागले. बसता बसता मदतनीस झाले. पगार नाही, चहा मात्र दोनदा.

झोपे पूर्वी पोलिसात जमादार होते. आता बळीराम पेठेत जिन्याच्या तोंडाशी त्यांची 'खाजगी तपास' अशी पाटी होती. गावातली टवाळ मंडळी खालून ओरडून विचारत, "झोपे जागे आहेत का हो?" झोपे खिडकीतून उत्तर देत, "जागेच आहेत, वर या." आडनावाचा त्यांना कधी राग आला नाही. त्यांना राग यायचा तो घाईघाईने कुणाला चोर ठरवण्याचा.

आणि सोहनशेठ तेच करत होते.

"माळ्याचं काम आहे. तोताराम. त्याच्या खोलीत एंड्रिन या कीडनाशकाची बाटली सापडली. येत्या रविवारी बंगलेवाल्यांची बागस्पर्धा आहे, परीक्षक अकराला येणार. त्याला सांगितलंय, रविवारच्या आत बिऱ्हाड उचल, नाहीतर पोलिसात देतो. फक्त पुरावा पक्का हवा."

"पुरावा पक्का हवा की माणूस?" झोपेंनी विचारलं.

सोहनशेठना प्रश्न कळला नाही. अहिररावांनाही कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली.

*

लुणावतांचा बंगला शहराच्या नव्या वस्तीत होता. समोर छोटं लोखंडी फाटक, मग छत्तीस फूट हिरवळ, मग व्हरांड्याच्या पायऱ्या. १९६९ सालच्या जळगावात, जिथे अंगण म्हणजे सारवलेली जमीन आणि एक तुळस, तिथे हा हिरवा गालिचा पाहून माणसं रस्त्यात सायकल थांबवत. अहिररावसुद्धा थांबले. खरंच सुंदर होती ती हिरवळ. दोन बोटं उंच, सगळीकडून सारखी, श्रावणातल्या उन्हात ताजी दिसणारी.

आणि तिच्या मधोमध, फाटकापासून पायरीपर्यंत, तपकिरी डाग.

"गेल्या वर्षी लावली," शेठ कुलूप काढता काढता सांगू लागले. हे कुलूप त्यांनी शुक्रवारपासूनच लावलं होतं, पुरावा कुणी तुडवू नये म्हणून. "पुण्याला मामांकडे पाहिली होती. आधी इथे फरशीची वाट होती, ती उखडली. दीड फूट माती चाळली, शेळ्यामेंढ्यांचं खत घातलं. गवत पुण्याच्या रोपवाटिकेतून आणलं, रेल्वेने, सहा पोती. पहाटे उठून पाणी मी स्वतः देतो. मशीन मी फिरवतो. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधी कापत नाही. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा एका दिवसाआड भरपूर दिलं तर मुळं खोल जातात, हे माहीत आहे तुम्हाला?"

अहिररावांना माहीत नव्हतं. पण शेठच्या चेहऱ्यावर बोलताना जे आलं, ते त्यांनी ओळखलं. तान्ह्या नातवाबद्दल बोलताना त्यांच्या बहिणीच्या चेहऱ्यावर तेच येई.

"मोटार कुठे ठेवता?" झोपेंनी विचारलं.

"आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. इथे मोटारीसाठी दार पाडलं असतं तर हिरवळ तुटली असती."

"मागून वाट आहे?"

"बोळ आहे. पण वरच्या वस्तीचं सांडपाणी तिथून बारा महिने वाहतं. नोकर येतात पाण्यातून."

झोपे डागांपाशी उकिडवे बसले. छत्रीच्या दांड्याने मोजमाप केलं. डाग बावीस होते. प्रत्येक परातीएवढा, गोलसर, कडा थोड्या ओघळलेल्या. एका डागाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दीड फूट आणि वर दोन बोटं. झोपेंनी अहिररावांना डागांवरून चालायला सांगितलं. अहिरराव तीन पावलांत अडखळले. डाग त्यांच्या पावलांना फार जवळ पडत होते.

"ओळ सरळ आहे," अहिरराव म्हणाले. "मुद्दाम केलेलं दिसतंय."

"वा," झोपे म्हणाले. एवढ्यावरच त्यांनी ते सोडलं.

मग त्यांनी चाकूने एका डागात बोटभर माती उकरली. वरची पाती आणि देठ मेले होते. मातीत दहाबारा मेलेल्या मुंग्या होत्या. त्याखाली पांढऱ्याशुभ्र, टणक काशा, म्हणजे हरळीची जमिनीतली मुळासारखी खोडं, जशीच्या तशी होती. झोपेंनी एक काशी मोडून पाहिली. आत रस होता.

"शेठ, हे गवत म्हणजे आपली हरळीच की."

"लॉन म्हणतात त्याला," सोहनशेठ जरा दुखावून म्हणाले.

*

तोताराम विहिरीमागच्या खोलीत बायकोबरोबर सामान बांधत बसला होता. बायको बेबाबाई गाडग्यांना चिंध्या गुंडाळत होती आणि रडत नव्हती, यामुळे तिच्याकडे बघणं अधिक कठीण जात होतं. तोताराम रावेरकडचा. भावकीच्या वाटण्यांत जमीन राहिली नाही म्हणून माळी झालेला.

"शेठनं पोती उघडली तवा मी हासलो, भाऊ," तो म्हणाला. "पुन्याहून हरळी! माह्या बांधावर या म्हना, गाडीभर न्या. माह्या बापाची कंबर गेली कपाशीतल्या काशा खंदता खंदता. अन् इथं मी तिलेच खत घालतो. मानूस पोटासाठी काय काय करते!"

"म्हणजे राग होता तुला या गवताचा."

"पयले होता. मंग लळा लागला." तो ओशाळून हसला. "आन् भाऊ, मले हरळी मारायची असती तं अशी मारली असती का? वरतून काई बी टाका, खाली काशी जित्ती राह्यते. पंधरा-वीस दिसात पुन्हा वर. खंदून काढा लागते तिले. कोन्या बी शेतकऱ्याले इचारा."

"एंड्रिन?"

"ते झेंडूवरच्या अळीसाठी. शेठनंच आनून देल्लं."

तो बुधवारी दुपारी साडूकडे दीपनगरला गेला होता. साडूला तिथल्या वीज केंद्रात नोकरी लागली होती. शनिवारी संध्याकाळी परत आला, तोवर डाग पडले होते. शेठचं म्हणणं, विष टाकून पळाला. झोपेंनी साडूचं नाव विचारलं, आणि तिथून निघताना बेबाबाईला म्हणाले, "ताई, गाडगी एवढ्यात बांधू नका."

*

शेठचे चुलतभाऊ लालचंद यांचं बियाणं-खतांचं दुकान होतं. बंगल्याची जागा दोघांच्या सामाईक मालकीची. त्या हिरवळीच्या जागी गोदाम व्हावं असं लालचंद उघड बोलत असत, हे शेठनीच सांगितलं होतं.

"बोलतो, आणि पुन्हा बोलेन," लालचंद गल्ल्यावरून म्हणाले. "छत्तीस फूट जमीन गवताला? पण चोरून जाळायचा धंदा माझा नाही. आणि जाळलं असतं तर सोहनला लगेच कळलं असतं."

"कसं?"

"माझ्याकडे गवत जाळायला काय आहे? अमोनियम सल्फेट. मूठभर जास्त पडलं की गवत जळतं खरं, पण जिथे ते विरळ पोचतं तिथे गवत माजतं. म्हणजे जळक्या डागाभोवती काळपट हिरवं कडं येतं, हमखास. शुक्रवारी पाऊस पडला. त्याने खत पसरून डाग वेडेवाकडे झाले असते. जा, कडं आहे का बघून या."

कडं नव्हतं. अहिररावांनी ते सकाळीच पाहिलं होतं, म्हणजे पाहायला हवं होतं. झोपेंनी मात्र नुसतं "बरं" म्हटलं.

रस्त्यात अहिररावांनी आपलं मत मांडलं. "लालचंदच. स्वतःहून इतकी माहिती कोण देतो?"

"निर्दोष माणूस," झोपे म्हणाले. "आणि दुकानदार."

*

सोहनशेठच्या पत्नी लाडकुंवर बाहेरून आल्या, तेव्हा दोघे व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांचं येणं अहिररावांना मोठं गमतीचं वाटलं. फाटकातून आत आल्यावर त्या हिरवळीवर उतरल्याच नाहीत. डाव्या अंगाला मेंदीचं कुंपण होतं. त्याच्या बुडाशी एका विटेची कड होती. त्या विटेवरून, साडी मेंदीला घासत, एक हात भिंतीला लावून, डोंबाऱ्याच्या पोरीसारख्या तोल सावरत त्या पायरीपर्यंत पोचल्या.

"चौमासात हिरव्यावर पाय देत नाही मी," अहिररावांचं बघणं पाहून त्या म्हणाल्या. "त्यात जीव असतो. हे ऐकत नाहीत, तो त्यांचा प्रश्न."

"गुरुवारी तुम्ही घरी होता?" झोपेंनी विचारलं.

"सकाळी होते. दुपारी दोन ते चार जैन स्थानकात सामायिकाला, ध्यानाला बसायला गेले. आमच्या साध्वीजींचा यंदा तिथे चातुर्मास आहे. चौदस होती ना."

"आल्यावर काही वेगळं दिसलं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "दिसलं नाही. वास आला. फाटकापाशीच. भाजी वाफवल्यासारखा, मेथी की चुका असं काहीतरी. शेजारून आला असेल. आमच्याकडे चौमासाचे चार महिने पालेभाजी येतच नाही. संध्याकाळी गवत मलूल दिसलं आणि शुक्रवारी सकाळी यांनी आरडाओरडा केला."

स्वयंपाकघरात धुरपदाबाई होती. धरणगावकडची, पन्नाशीची, विधवा. नवऱ्यामागे पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करून ती या घरी आली होती. आता वरकाम आणि शेठच्या म्हाताऱ्या आईची, माजींची, सेवा तिच्याकडे. ती ठेंगणी होती, भरभर बोलायची आणि बोलताना हात थांबवायची नाही.

"गुरुवारी दुपारी काय करत होतीस, अक्का?"

"काय करसू भाऊ? बंब पेटाडा, माजीसले न्हाऊ घाला. मंग भांडा घासा. माले कसाले इचारतस? मी गवतकडे देखत बी नही."

"दुपारी बंब?"

"म्हाताऱ्या मानूसले दुपारनं ऊन पानी बरं वाटस."

अहिररावांनी वहीत लिहिलं: धुरपदा, काही माहीत नाही.

*

शेठची आई, म्हातारी जतनबाई, समोरच्या खोलीत पलंगावर होती. मागच्या दिवाळीला न्हाणीत पडून खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय परत टेकला नाही. आता छातीही अधू झाली होती आणि डॉक्टर मोजकंच बोलत. खिडकीतून हिरवळ आणि फाटक दिसत होतं.

"माजी, कंटाळा येत नाही?"

"बघत असते ना," ती म्हणाली. आवाज बारीक पण स्वच्छ होता. "साडेदहाला साध्वीजी गोचरीला, भिक्षा घ्यायला, या रस्त्याने जातात. हिरवळ नव्हती तेव्हा दर चौमासात साध्वीजी आपल्या घरी येत. माझ्या हातची भाकरी पात्रात पडत असे. आता फाटकाशी उभ्या राहतात, खाली बघतात, 'हरी है', हिरवं आहे, म्हणतात आणि पुढे जातात. त्यांचा दोष नाही. त्यांचे नियम."

"शेठना सांगितलं?"

"सोहनला?" ती हसली. "त्याने किती मेहनत घेतली आहे. लहानपणी कशात मन लागायचं नाही त्याचं. प्रथमच कशाला तरी जीव लावला. मी कसं सांगू, उखड म्हणून? फक्त एकदा साध्वीजींच्या तोंडून मांगलिक, तो मंगलपाठ, ऐकायला मिळालं असतं तर पुढचा प्रवास सोपा झाला असता. मला आता लांबचं ऐकू येत नाही."

अहिररावांना एकदम आपल्या आईची आठवण झाली आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"माजी, गुरुवारी दुपारी धुरपदाने तुम्हाला न्हाऊ घातलं का हो?" झोपेंनी विचारलं.

"गुरुवारी? नाही. आठम-चौदसला मी अंगावर पाणी घेत नाही."

झोपेंनी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. पोलिसातला माणूस सहसा कुणाच्या पाया पडत नाही, हे अहिररावांना ठाऊक होतं.

*

त्या रात्री झोपे जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"कळलंय तुम्हाला," अहिरराव म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

"गप्प बसलो तर तोताराम रस्त्यावर. बोललो तर एका म्हातारीची शेवटची आशा माझ्या तोंडून मोडणार. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"बोललो नसतो," अहिरराव पटकन म्हणाले. मग त्यांना चिंध्यांत गुंडाळलेली गाडगी आठवली. "नाही. बोललो असतो. काय की बुवा."

"चला," झोपे म्हणाले.

मंगळवारी सकाळी सगळे व्हरांड्यात जमले. सोहनशेठ, लाडकुंवर, लालचंद, पायरीखाली तोताराम आणि दाराच्या आड धुरपदाबाई. म्हातारीची खिडकी झोपेंनी मुद्दाम उघडी ठेवायला लावली.

"शेठ, तुम्ही 'कुणी मारलं' असं विचारत आलात," झोपे म्हणाले. "मी आधी 'कशाने' विचारलं. एंड्रिनने कीड मरते, गवत मरत नाही. खताने जळलं असतं तर लालचंदभाऊ म्हणाले तसं हिरवं कडं आलं असतं. ते नाही. कुदळ लागलेली नाही, काशा शाबूत आहेत. मग असं काय आहे, ज्याने वरचं गवत मरतं, मुंग्या मरतात, खालची काशी वाचते आणि मागे काहीच उरत नाही?"



"ताईंनी सांगितलंय ते. त्यांना समजलं नाही एवढंच. चौमासात या घरी पालेभाजी शिजत नाही. तरी फाटकापाशी वाफवलेल्या भाजीचा वास आला. शिजलं होतं ते गवत. उकळतं पाणी, शेठ. प्रत्येक डागावर एक तपेली."

सोहनशेठ खुर्चीतून अर्धवट उठले. "पण कुणी?"

"आता माणसाकडे येऊ. या घरातल्या जैन माणसाच्या हातून मुंग्यांवर उकळतं पाणी पडणार नाही. ताई गवतावर पाय देत नाहीत, त्या आधण कुठून ओततील? लालचंदभाऊंनी करायचं तर सगळी हिरवळ केली असती. गोदामाला परातीएवढे बावीस तुकडे काय कामाचे? तोताराम दीपनगरला होता. मी काल जाऊन विचारून आलो. शिवाय ज्याला शेठचं नुकसानच करायचं आहे, त्याने स्पर्धेच्या आदल्या दिवशी केलं असतं. हे दहा दिवस आधी झालं. का?"

"का?" अहिररावांनी विचारलं. ते त्यांचं काम होतं.

"कारण हे करणाऱ्याला हरळी मारायचीच नव्हती. तिला फक्त थोडे दिवस हिरवी राहू द्यायची नव्हती. काशी जिवंत राहते, पंधरा-वीस दिवसांत परत फुटते, हे कोणाला ठाऊक असतं? ज्याने शेतात जन्म काढला त्याला. लांबून पोती मागवून हरळीला लॉन म्हणणाऱ्याला नाही. ती व्यक्ती गुरुवारी दुपारी घरात होती. तिने बंब पेटवला आणि माजींना न्हाऊ घातलं असं मला सांगितलं. पण गुरुवारी चौदस होती. चौदसला माजी न्हात नाहीत."

दाराआडून कडीचा आवाज आला.

"मग तपेल्या कशासाठी ओतल्या? डाग मोजा. दीड फुटावर दोन बोटं. अहिररावांना चालता आलं नाही, कारण ती पुरुषाची पावलं नाहीत. खाली बघत, जपून चालणाऱ्या बाईची पावलं आहेत. फरशी तुम्ही उखडलीत, शेठ. मागच्या बोळात कच्चं पाणी वाहतं, त्यातही जीव मानतात म्हणून साध्वीजी त्यातून येत नाहीत. विटेच्या कडेला मेंदी अंगाला लागते, हिरव्याचा स्पर्शही त्यांना चालत नाही. चौमासा लागल्यापासून त्या फाटकातून परत जात आहेत. कुणीतरी त्यांच्या पायांपुरती वाट केली. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी तिला कुलूप लावलंत."

धुरपदाबाई बाहेर आली. तिचे हात पहिल्यांदाच स्थिर होते.

"मीच करं, भाऊ. तोतारामले काही ठाऊक नही. मी आजच सांगणार व्हतू, पण जीभ उचलेना." ती शेठकडे वळली. "म्हातारी बठ्ठा दिन खिडकीमा देखस. साध्वीजी उन्यात का हात जोडस. त्या गयात का डोया पुसस. तुम्ही कधी देखं का? हरळी मी मारी नही. वरतून जरासी वाळाडी. हिरवं शे म्हनीसन येतस नही ना त्या? मंग हिरवं नको. परत फुटी ती. हरळीले कोन मारी सकस?"

तेवढ्यात खिडकीतून म्हातारीचा आवाज आला.

"धुरपदा, इकडे ये."

धुरपदाबाई खिडकीपाशी गेली. म्हातारीने गजांतून हात बाहेर काढून तिचा हात धरला.

"पोरी, ही वाट त्यांना चालणार नाही गं. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं काहीही त्या घेत नाहीत. भाकरीसुद्धा नाही. ही तर जीव मारून केलेली. मी त्यांच्यापासून लपवू शकत नाही. झालेल्या पापाचं प्रायश्चित्त मी घेईन, माझ्यासाठी केलंस म्हणून."

धुरपदाबाईला आता रडू फुटलं. आपण दार उघडायला गेलो आणि कायमचं लावून बसलो, हे तिला त्या क्षणी कळलं. झोपे चपला घालून फाटकाबाहेर गेले. अहिरराव मागोमाग गेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

रविवारी सकाळी शेठचा निरोप आला, साडेदहाच्या आत या.

तोताराम फाटकात उभा होता. कुलूप नव्हतं. शेठनी त्याची सर्वांसमोर माफी मागितल्याचं तो दोनदा सांगून गेला. बेबाबाई आणि धुरपदाबाई पायरीवर बसल्या होत्या.

रस्त्याच्या टोकाला दोन पांढऱ्या साड्या दिसल्या. तेव्हा सोहनशेठ दारातून बाहेर आले. त्यांच्या हातांवर आई होती, अंगाभोवती शाल गुंडाळलेली.

ते पायरी उतरले आणि पहिल्या तपकिरी डागावर उभे राहिले. मग दुसऱ्यावर. ओझं घेतलेल्या माणसाची पावलं आखूड पडतात. बावीस डाग त्यांना बरोबर पुरले. जिवंत गवताच्या एका पात्यावरही त्यांचा पाय पडला नाही. मधल्या एका डागात पोपटी टोकं डोकावत होती, तिथे ते क्षणभर एका पायावर थांबले आणि ओलांडून पुढे गेले.

त्याच वेळी परीक्षकांची मोटार येऊन उभी राहिली, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी. कुणीतरी मोटारीच्या खिडकीतून नाव विचारलं.

"थांबा म्हणावं," शेठ मोटारीकडे न बघता म्हणाले.

साध्वीजी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कोरड्या मातीत थांबल्या. त्यांच्यातल्या मोठ्या साध्वींनी जतनबाईकडे पाहिलं, तिच्या कानाला ऐकू जाईल इतक्या जवळ आल्या आणि मांगलिक म्हणू लागल्या. म्हातारीने हात जोडले होते. रस्त्यावरच्या सायकली थांबल्या होत्या. झोपेंनी टोपी काढली. अहिररावांना त्यातला एकही शब्द कळला नाही आणि त्यांचे डोळे वाहत राहिले.

मांगलिक संपलं. साध्वीजी पुढे निघून गेल्या.

"दमला असशील. चल आत," म्हातारी म्हणाली.

शेठ हलले नाहीत. त्यांनी आईला जरा छातीशी धरलं, वजनाचा अंदाज घ्यावा तसं.

"बाई," ते आईला म्हणाले, "तू एवढी हलकी कधी झालीस?"

म्हातारीने नुसता त्यांच्या गालावरून हात फिरवला, आणि परीक्षकांची मोटार तशीच उभी राहिली.